आधी स्वतःला टोचलं, मग लोकांना : परळच्या हाफकिनची गोष्ट

१० मार्च २०२० च्या रात्री कलबुर्गीतले एक ७६ वर्षांचे गृहस्थ हैदराबादहून घराकडं येताना वाटेतच गेले. दोन दिवसांनी तपासणीचा अहवाल आला. कोरोनानं झालेला देशातला तो पहिला नोंदलेला मृत्यू ठरला. पुढं काय झालं ते बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद आणि पलीकडच्या उदगीर, देगलूर, उमरगा, अक्कलकोट या सगळ्या पट्ट्याला पाठ आहे. रस्त्यावर बॅरिकेड लागले, एका शिवारात बांध कर्नाटकाचा तर विहीर महाराष्ट्राची अशा गावांत शेतकरी अडकले, सोयरीक असलेल्या घरांतली माणसं मयतीला जाऊ शकली नाहीत. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्याला आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय कर्नाटकात पाऊल टाकता येईना.

हे सगळं ज्या कायद्याच्या जोरावर चाललं होतं, तो साथरोग कायदा ४ फेब्रुवारी १८९७ चा. मुंबईतल्या प्लेगसाठी इंग्रजांनी तो घाईघाईनं केला होता. आणि तो कायदा झाला त्याच आठवड्यात मुंबईच्या भायखळा तुरुंगात एक रशियन माणूस कैद्यांना प्लेगची लस टोचत होता. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. परळची हाफकिन संस्था सगळ्यांना माहीत असते. साप चावल्यावर देतात ते औषध तिथलं, पोलिओचे डोस तिथले, एवढं आपल्याकडं कोणीही सांगेल. पण हाफकिन हा माणूस कोण, तो इथं कशाला आला आणि इथून कसा गेला, हे फारसं कोणी सांगत नाही. ती गोष्ट अभिमानाची आहे, तितकीच लाजेचीही आहे.

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरातला. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. झारच्या राज्यात ज्यू म्हणून जन्मणं म्हणजे शाळेपासून नोकरीपर्यंत प्रत्येक दारात अडवलं जाणं. तरी पोरगा हुशार निघाला आणि १८७९ मध्ये ओडेसाच्या विद्यापीठात गेला. तिथं त्याला इल्या मेच्निकोव्ह हे गुरू भेटले. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून टाकतात, हे पुढं शोधून काढणारे आणि त्यासाठी नोबेल मिळवणारे ते हेच. हाफकिन मूळचा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. डॉक्टरकीची पदवी त्याच्याकडं कधीच नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण पुढं तीच त्याच्या अंगावर आली.

१८८१ मध्ये झारचा खून झाला आणि दक्षिण रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर दंगेखोर चालून गेले. ओडेसात तरुणांनी स्वतःच्या मोहल्ल्याच्या रक्षणासाठी दल उभं केलं, त्यात हाफकिन होता. मारामारीत जखमी झाला, पकडला गेला, तुरुंगात पडला. मेच्निकोव्हनी शब्द टाकला म्हणून सुटला. शिक्षण पुरं झालं तेव्हा त्याला सांगण्यात आलं की धर्म बदल, ख्रिस्ती हो, म्हणजे विद्यापीठात वर जाता येईल. त्यानं नकार दिला. मग काही वर्षं ओडेसाच्या प्राणिशास्त्र वस्तुसंग्रहालयात साधं काम करत राहिला, एकपेशीय जिवांवर शोधनिबंध लिहीत राहिला. १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. तिथं लुई पाश्चर यांची संस्था नुकतीच उभी राहिली होती आणि मेच्निकोव्हही तिथंच आले होते. जागा मात्र एकच रिकामी होती, ग्रंथालयातल्या साहाय्यकाची. हाफकिननं तीच घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं, असा क्रम सुरू झाला. विरंगुळा म्हणून व्हायोलिन वाजवायचा.

त्या काळात युरोपाला पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं पछाडलं होतं. आपल्याकडं पटकी म्हटलं की मरीआईचा गाडा, गावाबाहेर सोडलेला नैवेद्य आणि एका रात्रीत रिकामी झालेली घरं आठवणारी माणसं आता उरली नाहीत, पण शब्द उरला आहे. हाफकिननं पटकीचा जंतू घेतला आणि एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या, असा एकोणचाळीस वेळा फिरवला. दर फेरीत तो जास्त जहाल होत गेला. दुसरीकडं त्याच जंतूला ठरावीक उष्णतेत हवा देत ठेवून त्यानं कमजोर केला. आधी कमजोर जंतू टोचायचा, अंगाला त्याची सवय झाली की मग जहाल टोचायचा, म्हणजे खरी पटकी आली तरी शरीर तयार. उंदीर, ससे, गिनीपिग, कबुतरं यांवर ते जमलं. माणसावर जमेल का, हे सांगायला कोणी नव्हतं. १८ जुलै १८९२ ला त्यानं पहिली सुई स्वतःच्या अंगात घालून घेतली. ताप आला, सुई टोचली तिथं दुखलं, उतरलं. त्यानंतर त्याच्या तीन रशियन मित्रांनी टोचून घेतलं. ३० जुलैला त्यानं पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळापुढं निष्कर्ष ठेवला. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता.

त्याच वर्षी रशियात पटकी माजली होती. ज्या देशानं त्याला हाकललं त्याच देशाला त्यानं लस देऊ केली, पण तिथून होकार आला नाही. मग हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन, जे तेव्हा पॅरिसमध्ये इंग्रजांचे राजदूत होते, त्यांच्या मदतीनं हाफकिनला हिंदुस्थानची वाट मोकळी झाली. पटकीचं माहेरघर म्हणजे बंगाल. मार्च १८९३ मध्ये तो कलकत्त्यात उतरला.

तिथं त्याला कळलं की प्रयोगशाळेतलं सोपं होतं, माणसं अवघड. एक तर रशियन, त्यात ज्यू, त्यात डॉक्टर नाही. इंग्रज वैद्यकीय खात्यातले अधिकारी नाकं मुरडत. लोकांना वाटे, हा सरकारचा माणूस, काय टोचतोय कोण जाणे. हाफकिन आग्र्यापासून सुरू करून उत्तरेकडं फिरला, पलटणींत, तुरुंगात, आसामातल्या चहाच्या मळ्यांत गेला. १८९४ च्या वसंतात कलकत्त्याच्या काठाल बागान या वस्तीत पटकीचे रोगी सापडले. झोपड्या एका तळ्याभोवती, सगळ्यांचं पाणी तेच. वस्तीतल्या सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथं दहा जणांना पटकी झाली, सात मेले. ते दहाच्या दहा लस न घेतलेले. एकाच घरात, एकाच पाण्यावर जगणाऱ्यांत हा फरक दिसला आणि लोक आपणहून रांगा लावू लागले.

इथं हाफकिनचं खरं वेगळेपण दिसतं. लस दिली आणि माणूस जगला, एवढ्यावर त्याचं समाधान होत नसे. न टोचलेला तसाच माणूस त्याच जागी त्याच दिवसांत किती मेला, हे तो मोजायचा. निम्म्यांना टोचायचं, निम्म्यांना नाही, आणि दोन्हींची नोंद ठेवायची. कोरोनाच्या लशीच्या चाचण्यांच्या बातम्या आपण २०२० मध्ये वाचल्या, त्यात एका गटाला लस आणि दुसऱ्याला नुसतं पाणी असं असायचं. ती पद्धत आज नियमाला बांधलेली आहे. हाफकिननं ती वस्ती आणि तुरुंगांच्या पातळीवर, हातात वही घेऊन केली. दोन-अडीच वर्षांत त्यानं सुमारे ४२ हजार लोकांना टोचलं. मलेरियानं खंगला, १८९५ मध्ये युरोपला गेला आणि थोडं बरं वाटताच परत आला.

तो परत आला आणि सहा महिन्यांत मुंबईत प्लेग आला.

मांडवी हा बंदराजवळचा भाग, धान्याच्या वखारींचा. तिथं सप्टेंबर १८९६ मध्ये माणसं तापानं पटापट मरू लागली, जांघेत नि काखेत गाठी येऊ लागल्या. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे २३ सप्टेंबरला ओळखलं आणि सांगून टाकलं. सरकार आधी मानायला तयार नव्हतं. बंदर बंद झालं तर व्यापाराचं काय, ही काळजी. मानलं तेव्हा शहर पळायला लागलं होतं. साडेआठ लाखांच्या आसपास वस्ती असलेल्या मुंबईतली जवळपास निम्मी माणसं येत्या काही महिन्यांत बाहेर पडली. कोकणात गेली, गुजरातेत गेली, घाट चढून आली.

घाट चढून येणारी वाट आपल्याकडची. जीआयपी रेल्वे १८७१ पासूनच मुंबई, पुणे, सोलापूर, गुलबर्गा, वाडी करत रायचूरपर्यंत पोचलेली होती. गुलबर्गा आणि बिदर तेव्हा निजामाचे जिल्हे. कापूस, तूर, ज्वारी याच रुळांवरून जायची आणि येताना माणसं यायची. प्लेगचा जंतू उंदरावरच्या पिसवांतून माणसाला चावतो, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं, पण ते पटायला आणखी काही वर्षं गेली. १८९७ मध्ये कोणालाच ते माहीत नव्हतं. म्हणून सरकार घरं धुवायचं, भिंती चुन्यानं रंगवायचं, कपडे जाळायचं, स्टेशनावर बायाबापड्यांना उतरवून काखा तपासायचं, आणि उंदीर आपले धान्याच्या पोत्यांतून पुढच्या गावाला जायचे. शहाणपण खेड्यांकडंच जास्त होतं. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हा उपाय आपल्या भागात म्हाताऱ्यांच्या बोलण्यात परवापर्यंत होता. बेंगळुरूत तर प्लेगम्मा म्हणून देवीच उभी राहिली.

पुण्यात रँडसाहेबाच्या सोल्जरांनी घरांत शिरून जो धिंगाणा घातला आणि २२ जून १८९७ ला चापेकरांनी जे केलं ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्याच साथीत पुण्याजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात आजारी पोराला पाठीवर घालून आणणाऱ्या सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. तारीख १० मार्च १८९७. कलबुर्गीच्या त्या मृत्यूची तारीखही १० मार्च. योगायोगच, पण मनातून जात नाही.

हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ ला मुंबईत आला. सरकारनं त्याला दिलं काय, तर ग्रँट मेडिकल कॉलेजातली एक खोली, एक बोळ, एक कारकून आणि तीन पट्टेवाले. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिननं शोधला होता, पण त्याची लस जगात कुणाकडंच नव्हती. हाफकिननं मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायला सुरुवात केली. गाय आणि डुक्कर दोन्ही टाळून शेळीचं मांस वापरलं, कारण हे टोचायचं कुणाला आहे हे तो बंगालात शिकला होता. रश्श्यावर त्यानं तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबायला लागले, गुहेच्या छताला चुनखडीच्या कांड्या लोंबाव्यात तसे. बाटली हलवली की कांड्या तुटून खाली बसायच्या आणि वर नवीन धरायच्या. असं काही आठवडे चाललं की बाटलीत जंतू आणि त्यांचं विष दोन्ही भरपूर जमायचं. मग बाटली तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बॉलिक ॲसिड घालायचं. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण शरीराला शत्रूची ओळख करून देतो. पुण्याच्या एनआयव्हीनं वेगळ्या केलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकनं कोव्हॅक्सिन बनवली, तिचं मूळ तत्त्वही हेच, मारलेला जंतू टोचायचा. फक्त तेव्हा यंत्रं नव्हती, तूप होतं.

तीन महिने हे काम रात्रंदिवस चाललं. एका साहाय्यकाचं मन ढासळलं, दोघं सोडून गेले. १० जानेवारी १८९७ ला लस तयार होती आणि पुन्हा पहिली सुई स्वतःलाच. कॉलेजच्या प्राचार्यांनी फार गाजावाजा न करता ती टोचली. मात्रा १० सीसी, पुढं नेहमीसाठी ठरली तिच्या जवळपास चौपट. सणकून ताप भरला, टोचलेली बाजू ठणकत राहिली. तरी तो कामावर जात राहिला. काही दिवसांनी कॉलेजमधल्या डॉक्टरांसमोर त्यानं हे सांगितलं, तेव्हा त्यांच्यातले अनेकजण लस घ्यायला पुढं आले.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तीनशेहून जास्त कैदी. त्यातल्या साधारण निम्म्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी नाही. जेवण एक, बराकी त्याच, काम तेच. टोचलेल्यांपैकी काहींना आधीच गाठी आल्या होत्या, ते वाचले नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत न टोचलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणीच नाही. आजच्या नजरेनं कैद्यांवर असे प्रयोग करणं बरोबर नव्हतंच. कैद्याचा होकार कितपत होकार असतो, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. पण हाफकिननं जे स्वतःला आधी केलं नव्हतं ते त्यांना केलं नाही, हेही तितकंच खरं.

तिथून लस वणव्यासारखी पसरली असं मात्र नाही. लोक घाबरत होते. लस घेतली की माणूस नामर्द होतो, लस म्हणजे बाटवण्याचा डाव, असल्या अफवा उठत होत्या. व्हॉट्सॲप नव्हतं तरी अफवा पोचायच्याच. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू आगाखान पुढं आले. त्यांनी चारचौघांत स्वतः टोचून घेतलं, एकदा नव्हे, लोकांची भीती जावी म्हणून पुन्हा पुन्हा. हाफकिनला त्यांनी काम करायला खुश्रू लॉज ही आपली इमारत दिली. हजारो खोजांनी लस घेतली. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये २१९७ लोकांनी लस घेतली, त्यातले ३६ मेले. न घेतलेले ६०३३ होते, त्यातले १४८२ गेले. बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावात घराघरातल्या निम्म्या माणसांना टोचलं. ७१ टोचलेल्यांत तीन मृत्यू, ६४ न टोचलेल्यांत २६. एका चुलीवरचं जेवणाऱ्यांत हा फरक.

आपल्या बाजूला सगळ्यात मोठं काम झालं ते हुबळीत, १८९८ मध्ये. डॉ. लॉयमन नावाच्या सरकारी डॉक्टरांनी तिथं हजारोंनी लोकांना टोचलं. हातमाग, कापूस आणि रेल्वेचं ते गाव. धारवाड आणि गदगलाही बाटल्या गेल्या. मराठी आणि कानडी दोन्ही बोलणाऱ्या मुलखात मुंबईची लस पहिल्यांदा घरोघर पोचली ती अशी.

१० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. ही वास्तू गव्हर्नरांची. फर्ग्युसन साहेब गव्हर्नर असताना त्यांच्या बायको तिथंच पटकीनं गेल्या आणि पुढं गव्हर्नरांनी ती जागा सोडली. जिथं पटकीनं लाटसाहेबाचं घर मोडलं तिथं पटकीची लस काढणारा येऊन बसला. शतक संपता संपता लस घेतलेल्यांची संख्या लाखांत मोजली जाऊ लागली. हाफकिनला सरकारनं सी.आय.ई. हा किताब दिला. सरकारच्या प्लेग कमिशननं त्याच्या आकडेवारीत खोट काढली, पण लस उपयोगाची आहे हे मान्य केलं. सगळं बरं चाललं होतं.

मग मुल्कोवाल झालं.

पंजाब सरकारनं मोठी मोहीम काढली होती, परळकडं लाखांनी मात्रा मागितल्या होत्या. मागणी पुरी करायला हाफकिननं बनवायची पद्धत जरा बदलली. कार्बॉलिक ॲसिड घालणं सोडलं आणि नुसत्या उष्णतेवर जंतू मारायला सुरुवात केली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हीच रीत दोन वर्षं बिनधोक चालू होती. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. आठवडाभरानं त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले.

हे एकोणीस जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीचा नंबर ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही. म्हणजे घाण त्या एका बाटलीत शिरली होती. प्रश्न एवढाच होता, की ती परळमध्ये शिरली की मुल्कोवालमध्ये बाटली उघडताना. चौकशी समिती नेमली, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स तिच्यावर होते. समितीनं कार्बॉलिक सोडल्याबद्दल ठपका ठेवला आणि दोष परळच्या माथी मारला. हाफकिनला पदावरून दूर केलं. १९०४ मध्ये तो लंडनला निघून गेला. ज्या बाटल्यांनी लाखो जीव वाचवले त्यांचा बनवणारा आता एकोणीस जणांचा मारेकरी म्हणून ओळखला जाऊ लागला.

कागद नीट वाचले तर खरं काय ते तेव्हाही दिसत होतं. बाटली उघडताना कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्यानं तो कार्बॉलिकच्या पाण्यात नुसता बुचकळला आणि त्यानंच बूच ओढलं. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि शेणात असतो, ही गोष्ट गुरं सांभाळणाऱ्या कोणाही माणसाला सांगायला नको. शिवाय तो जंतू परळमध्येच शिरला असता तर बंद बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढला असता, बाटली उघडताच घाणेरडा वास आला असता. वास आल्याचं कुणीच सांगितलं नाही. बाटलीत तयार विष भरलेलं असतं तर माणसं दोन-तीन दिवसांतच आजारी पडली असती, आठवडा लागला नसता. एवढं साधं गणित. पण समितीला ते पटलं नाही. डॉक्टर नसलेला, परदेशी, ज्यू असा माणूस इंग्रज डॉक्टरांच्या वर बसला होता. चूक त्याची ठरली तर पुष्कळांची सोय होत होती. फ्रान्समध्ये ज्यू कॅप्टन ड्रायफसवर खोटा खटला चालला होता, त्याच्याशी हाफकिनच्या प्रकरणाची तुलना पुढं अनेकांनी केली ती काही उगाच नाही.

त्याच्या बाजूनं जो सगळ्यात जोरानं उभा राहिला त्याचं आपल्या भागाशी नातं आहे. रोनाल्ड रॉस. बिदरहून हैदराबादला गेलं की बेगमपेठला एक जुनी इमारत लागते, २० ऑगस्ट १८९७ ला रॉसनं तिथं डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले. हाफकिन मुंबईत प्लेगशी झुंजत होता त्याच वर्षी, निजामाच्या राज्यात. १९०२ च्या अखेरीस, मुल्कोवालनंतर काही आठवड्यांतच, रॉसला नोबेल मिळालं. एकाचं नाव वर गेलं आणि दुसऱ्याचं मातीत. रॉस स्वभावानं भांडखोर, लोकांशी त्याचं पटत नसे, पण या भांडणात तो खऱ्याच्या बाजूनं होता. लंडनच्या टाइम्समध्ये त्यानं पत्रांवर पत्रं लिहिली. जुलै १९०७ मध्ये जगातल्या दहा नामांकित शास्त्रज्ञांनी सह्या करून जाहीर केलं की हाफकिनवरचा आरोप टिकत नाही. त्यांत न्यूयॉर्कचे सायमन फ्लेक्सनर होते. पार्लमेंटात प्रश्न झाले. अखेर नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारनं त्याला दोषमुक्त केलं आणि परत बोलावलं.

परत बोलावलं, पण परळला नाही. तिथं दुसरा माणूस बसला होता. हाफकिनला कलकत्त्याची प्रयोगशाळा दिली, तिथं लस बनवायची सोयच नव्हती. माणसांवर चाचण्या करायला परवानगी नाही, कागदावर अभ्यास करा म्हणाले. त्यानं पटकीच्या लशीत सुधारणा सुचवली, मेलेल्या जंतूंची नवी लस बनवून पाहू म्हणाला. सरकारनं हो म्हटलं नाही. निर्दोष ठरवून माणसाला असं कोपऱ्यात बसवणं ही कारकुनी खात्यांची जुनी कला आहे. सात-आठ वर्षं त्यानं तशीच काढली. पंचावन्न वर्षांचा झाल्यावर १९१५ मध्ये निवृत्त होऊन तो युरोपला निघून गेला.

या सगळ्यात मेलं कोण, तर गावागावातली माणसं. मुल्कोवालची बातमी पसरल्यावर पंजाबात लोक लस घ्यायला तयार होईनात, आणि प्लेग तिथं पुढची कित्येक वर्षं थैमान घालत राहिला. १८९६ पासून पुढच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात प्लेगनं सुमारे एक कोटी माणसं गेली. परळची प्रयोगशाळा मात्र चालूच राहिली. १८९७ ते १९२५ या काळात तिथून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. उंदीर आणि पिसू यांचा संबंध पक्का करणारं कामही त्याच परळमध्ये झालं.

युरोपात हाफकिन आधी फ्रान्समध्ये, मग स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये राहिला. लग्न केलं नाही. आयुष्यभर ज्या धर्मासाठी मार खाल्ला त्याच्याकडं तो म्हातारपणी जास्त वळला, १९१६ मध्ये धर्माचं आचरण का सोडू नये यावर निबंध लिहिला, आणि शिल्लक पैशातून पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शाळांसाठी १९२९ मध्ये निधी उभा केला. १९२७ मध्ये एकदा ओडेसाला जाऊन आला. तिथं ओळखीचं काही उरलं नव्हतं.

१९२५ मध्ये मुंबई सरकारनं परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव दिलं. मुंबईतल्या कामातच आपल्या आयुष्याची सगळ्यात चांगली वर्षं गेली, अशा अर्थाचं पत्र त्यानं त्यावर पाठवलं. मुल्कोवालचा त्यात उल्लेख नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० ला तो लोझानमध्ये गेला. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत बिदर आणि लातूरच्या दवाखान्यांत खाटा मिळत नव्हत्या तेव्हा, केंद्रानं कोव्हॅक्सिन बनवायची परवानगी ज्या सरकारी संस्थांना दिली त्यात परळच्या हाफकिनचं नाव होतं.